सबटायटल-वही, नोंद ७: बालैयांचा चेहरा अखेर दिसला

एका तमिळ विनोदी चित्रपटाला मी मराठी सबटायटल लिहितोय आणि ते गच्चीवर तमिळ-मराठी शेजाऱ्यांना दाखवून कोण कुठे हसतं ते टिपतोय. काल रात्री त्याचा तिसरा खेळ झाला आणि त्यातल्या भुताच्या गोष्टीला मराठी रांगांतून हशा आला! आधीच्या दोन्ही खेळांत तिथे शांतता पसरली होती, या वहीतल्या नोंद ५ आणि ६ मी त्याच निराशेत लिहिल्या होत्या. आज सकाळी उठल्या उठल्या प्रेक्षकांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या ध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. उजवीकडच्या, म्हणजे मराठी बाजूच्या माइकवर त्या एका प्रसंगात हशाचे सात उंचवटे दिसतात. मागच्या वेळी एकच होता आणि तो खुर्ची सरकल्याचा निघाला होता.

चित्रपट तोच, श्रीधर यांचा १९६४ चा 'कादलिक्क नेरमिल्लै'. मांडणीही तीच. डावीकडे आमच्या चेन्नईच्या इमारतीतली तमिळ मंडळी, उजवीकडे पाच मराठी कुटुंबं, दोन्ही बाजूंना माइक म्हणून खुर्चीच्या पाठीला बांधलेला एकेक मोबाइल आणि दोन्ही रेकॉर्डिंग जुळवता यावीत म्हणून सुरुवातीला एक टाळी.

प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आणा. नागेश म्हणजे चेल्लप्पा, सिनेमाच्या वेडाने पछाडलेला मुलगा, 'ओहो प्रॉडक्शन्स'चा मालक. बालैया म्हणजे विश्वनाथन, त्याचा पैसेवाला बाप. मुलगा बापाला आपल्या चित्रपटाची भीतिदायक कथा ऐकवतो, तोंडाने आवाज काढत, मध्येच थांबत, आणि ऐकता ऐकता बापाची गाळण उडते. डावीकडची मंडळी इथे दर वेळी गडगडून हसतात. त्यांना सगळं पाठ आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या पाट्टी (तमिळमध्ये आजी) तर नागेशने तोंड उघडण्याआधीच हसायला लागतात. आणि उजवीकडे माझी माणसं मान वर करून शांतपणे वाचत बसायची.

आधी मला वाटलं, भाषांतर कोरडं झालंय. म्हणून दुसऱ्या खेळाआधी सगळ्या ओळी पुन्हा लिहिल्या. 'काळोख होता' चा 'मिट्ट काळोख' केला, पावलांना 'धप्प धप्प' दिलं, वाऱ्याला 'सूं सूं'. ओळी वाचायला झकास झाल्या आणि खेळ आणखी पडला. मग वेळेवर संशय घेतला. सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ओळ आधी अर्धा सेकंद मागे आणि मग अर्धा सेकंद पुढे सरकवून घरी तपासली. काही फरक नाही. (या निमित्ताने पुन्हा सांगतो, ध्वनीचा आलेख समोर ठेवून ओळी लावायला सबटायटल एडिटसारखं दुसरं काही नाही. तमिळ कळत नसलं तरी श्वास कुठे घेतला ते दिसतं.)

वाचनाच्या वेगाचा आकडाही मला फसवत होता. सेकंदाला किती अक्षरं हे मोजताना सॉफ्टवेअरची मोजणी प्रत्येक काना, मात्रा आणि हलन्त वेगळा धरते. 'ष्ट्या' हे आपल्या डोळ्याला एक अक्षर, पण मोजणीत सहा खुणा. त्यामुळे वेग जास्त म्हणून लाल झालेल्या निम्म्या ओळी खरं तर आरामात वाचून होतात. मी आता ती लाल खूण बघणं सोडलं आहे. ओळ मोठ्याने वाचतो, घड्याळ लावतो, बस्स.

खरी गोष्ट कळली ती आमच्या भाचीमुळे. दुसऱ्या खेळात तिने पडद्याच्या बाजूला उभं राहून प्रेक्षकांचाच व्हिडिओ काढला होता, गंमत म्हणून. बुधवारी तो बघताना मी मध्येच थांबवला. डावीकडच्या सगळ्यांच्या नजरा वर, बालैयांच्या चेहऱ्यावर. उजवीकडच्या सगळ्यांच्या नजरा खाली, माझ्या ओळींवर.

म्हणजे हशा नागेशच्या बोलण्यात नव्हताच. बालैयांचं पदार्पण १९३६ च्या 'सती लीलावती'तलं, एम.जी.आर. यांचंही तेच. म्हणजे १९६४ मध्ये हा माणूस कॅमेऱ्यासमोर २८ वर्षं काढून बसलेला, आणि या प्रसंगात त्याचं काम एकच, ऐकणं. त्याच्या ऐकण्यावर लोक हसतात. मी नेमकं तेच झाकत होतो, आणि जितकं चांगलं लिहीत होतो तितकं जास्त झाकत होतो.

पहिला उपाय सुचला तो ओळी वर नेण्याचा. साधी एसआरटी सबटायटल-फाइल सोडून ओळींची जागा ठरवता येते अशी एएसएस फाइल केली, ओळ वरच्या कडेला नेली. थोडं सुधारलं. पण नजर चेहऱ्यावरून उडून पुन्हा परत यायला वेळ लागतोच, आणि जुन्या ईस्टमनकलर प्रतीत वरच्या उजळ भागावर पांढरी अक्षरं विरघळतात. रात्री अकराला ते काढून टाकलं.

मग कात्री लावली. त्या प्रसंगात माझ्या ७१ ओळी होत्या, आता ३४ आहेत. नियम दोनच ठेवले. नागेश तोंडाने जे आवाज काढतो त्यांना ओळ नाही, आवाज कानाला कळतो, त्याला भाषा लागत नाही. आणि बालैयांचा चेहरा बदलायच्या आधी ओळ गेलेली असली पाहिजे, त्यानंतर निदान दीड सेकंद पडदा मोकळा. माझे 'धप्प धप्प' आणि 'सूं सूं' सगळे गेले. 'मिट्ट काळोख' मात्र ठेवला, तो सुरुवातीलाच येतो आणि तिथे बालैया अजून बेफिकीर आहेत.

काल पहिली हसली ती पुढच्या रांगेतली आठ वर्षांची मुलगी. तिला मराठी वाचायचा कंटाळा आहे, म्हणून ती पहिल्यापासून चेहराच बघत होती. तिच्या मागोमाग तिची आई, आणि मग सगळी रांग. मी प्रोजेक्टरपाशी उभा होतो, अंगावर काटा आला.

बाकीचं भराभर. 'अप्पा' तसंच ठेवल्याचा फार फायदा झाला. चेल्लप्पा 'अप्पा' म्हणतो तेव्हा खाली 'बाबा' दिसलं की कान आणि डोळा भांडतात. आपल्याकडेही अप्पा असतातच, कुणाला खटकलं नाही. दुसरं, चित्रपटाचा नायक अशोक हा कोट्यधीशाचा मुलगा आहे असं समजल्यावर विश्वनाथनचा सूर पालटतो, तिथे मी 'अरे-तुरे' वरून थेट 'अहो-जाहो' वर उडी मारली. माझ्या डीव्हीडीवरच्या इंग्रजी ओळींत दोन्हीकडे एकच शब्द आहे, सगळी चव गेलेली. मराठीत फुकट मिळालेला हशा आहे तो. फाँट आता 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता', लांबून स्वच्छ दिसतो. आणि 'दुसऱ्या', 'चेहऱ्या' लिहिताना ऱ हे अक्षरच वापरा. र ला अदृश्य जोडखूण लावून केलेला अर्धा र फाइल साफ करताना मोडतो, माझ्या चाळीस ओळी अशा बिघडल्या होत्या. ज्या दुकानातून प्रोजेक्टर भाड्याने आणायचो तिथे पुन्हा जाणार नाही, दोनदा दिव्याने दगा दिला.

नट मुत्तुरामन अशोकचा खोटा श्रीमंत बाप बनून येतात, तिथे उजवीकडून एक आवाज आला, "अहो, हे तर आपले अशोक सराफ!" आणि मराठी रांगांत एकच कल्ला. बरोबरच आहे. याच चित्रपटावरून १९६६ मध्ये हिंदीत 'प्यार किये जा' आला, त्यात खोटा बाप किशोर कुमार, आणि १९८५ मध्ये महेश कोठारेंचा 'धूमधडाका', त्यात खोटा बाप अशोक सराफ. हा हशा ओळींचा नव्हता, चाळीस वर्षांच्या ओळखीचा होता. रेकॉर्डिंगवर तो सगळ्यात उंच आहे. आणि गंमत म्हणजे त्या क्षणी डावीकडची मंडळी गप्प होऊन आमच्याकडे बघत होती.

पुढचा बेत असा होता की चौथ्या खेळाला मराठी मंडळींना वेगळ्या दिवशी बोलवायचं. म्हणजे पाट्टींचा आधीचा हशा उजव्या माइकवर उतरणार नाही आणि नोंद निर्भेळ मिळेल. वरचं लिहिता लिहिता तो बेत मी रद्द करतोय. काल ती मुलगी हसली त्याच्या आधी डावीकडून एक दबकं हसू आलं होतं, आता काहीतरी येणार हे सांगणारं. ते ऐकूनच दोघा-तिघांनी वाचायचं सोडून वर बघितलं, व्हिडिओत स्पष्ट दिसतंय. तेव्हा चौथ्या खेळाला रांगाच मिसळायच्या, एक तमिळ कुटुंब, एक मराठी. माइक दोनऐवजी चार लावीन.

आणि खेळ संपल्यावर पाट्टींनी जिन्यात मला थांबवून विचारलं, तुमचे ते अशोक सराफ कोण, आम्हाला कधी दाखवणार? म्हणून 'धूमधडाका'ला तमिळ ओळी करायला घेतोय. पहिली वीस मिनिटं मी बोलून सांगेन आणि पाट्टींची नात लिहील, असं ठरलंय. त्यात बालैयांच्या जागी असलेल्या शरद तळवलकरांचा चेहरा कुठे मोकळा ठेवायचा त्याच्या वेळा आज दुपारपासूनच टिपतोय. आपल्यापैकी कुणाला तमिळ लिपी वाचता येत असेल तर तपासायला एक डोळा हवा आहे, पहिला कच्चा खर्डा पंधरा दिवसांत तयार होईल.