पाठ केलेली प्रार्थना

गुरुवार, पहाटे

यंदा लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, काही सोडायचं नाही, एक काम धरायचं, असं ठरवलं आहे. दरवर्षी साखर सोडते आणि ईस्टरपर्यंत घरातल्यांवर चिडचिड करते. त्यातून आत्मिक वाढ कोणाची होते कोण जाणे. यंदा बायबलमधली स्तोत्रसंहिता पहिल्या स्तोत्रापासून ओळीने, मोठ्याने वाचायची. रोज पाच. दीडशे स्तोत्रं म्हणजे महिन्याचा हिशेब. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठांसाठी जो नियम लिहिला, त्यात दीडशेच्या दीडशे दर आठवड्याला म्हणायला सांगितली आहेत. वर टोमणाही आहे की आपले पूर्वज हे एका दिवसात करत, आपण आळशी, निदान आठवड्यात तरी करू. त्याला डबे करायचे नव्हते. मला पाच पुरेत.

हे म्हणजे वाचन झालं, प्रार्थना नव्हे, असं आमच्याकडे कुणी ना कुणी म्हणणारच. आम्ही नगरकडचे प्रोटेस्टंट. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली इथे ठाणं केलं, त्या घडणीतली आमची घरं. प्रार्थना मनातून यावी, आपल्या शब्दांत, डोळे मिटून. पुस्तकात बघून केली ती कोरडी आणि पाठ केलेली ती पोपटपंची, हे आम्ही शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो. प्रभूची प्रार्थना तेवढी पाठ चालते. तीही सगळे मिळून एका दमात उरकतात.

रविवार, दुपार

आज उपासनेत एका वडीलधाऱ्यांनी मध्यस्थीची प्रार्थना केली. ‘प्रभू, तुला ठाऊकच आहे, की आपल्या अमक्यांच्या जावयाची गाडी मंगळवारी घसरली, पायाला रॉड टाकला, दुसऱ्या मजल्यावर जनरल वॉर्डात आहेत...’ प्रभूला ठाऊकच आहे तर मजला कशाला सांगायचा? मजला आमच्यासाठी असतो. आणि दुपारी निम्मी मंडळी फळं घेऊन त्या वॉर्डात पोचली होती, तेव्हा मी फार हसत नाही.

पण कान देऊन ऐकलं तर ही मनची प्रार्थना मला घरातली प्रत्येक बाई मधेच उचलून पुढे नेऊ शकेल इतकी ठरलेली वाटली. ‘कृपाळू, दयाळू, स्वर्गीय बापा.’ ‘आजचा दिवस आमच्या आयुष्यात वाढवून दिलास.’ ‘आम्ही धूळ आहोत, माती आहोत.’ आणि शेवटी ‘मोडक्यातोडक्या शब्दांत केलेली ही प्रार्थना येशूच्या नावाने मागतो, ऐक.’ माझ्या लहानपणापासून शब्द मोडकेतोडके आहेत आणि तेच आहेत. एकालाही धक्का लागलेला नाही. म्हणजे पाठ तर आम्हीही केलंय, फक्त कबूल करत नाही.

गाण्याच्या बाबतीत मात्र आम्हाला काही अडचण नसते. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर आम्हाला अभंगाच्या चालीवर येशूशी बोलायला शिकवलं. पेटी, तबला, झांजा सुरू झाल्या की त्यांचे शब्द म्हणताना म्हाताऱ्या बायकांचे डोळे भरून येतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की हे दुसऱ्याचे शब्द आहेत, तुमचे कुठायत? गायलं की भक्ती आणि नुसतं म्हटलं की पोपटपंची, हा न्याय मला तरी कळत नाही.

बुधवार

धाकटी जाऊ आली होती. ती वसईची, कॅथलिक. आमच्याकडे लग्न होऊन आली तेव्हा तिच्या रोझरीवरून, म्हणजे जपमाळेवरून, घरात बरीच कुजबुज झाली होती. आता सासूबाईच तिला विचारतात, ‘आज माझ्या गुडघ्यासाठी म्हटलीस का गं?’ भाजी निवडता निवडता मी तिला विचारलं, तेच तेच म्हणून कंटाळा येत नाही?

‘येतो की,’ म्हणाली. ‘पण ताई, तोंडाला काम असतं ना, त्यामुळे डोकं मोकळं राहतं. एका एका मण्यावर एक एक माणूस येतं. कधी कधी नको ती पण येतात.’

नको ती म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. मला अंदाज आहे.

तिच्या बाजूने बोलायचं तर मत्तयाचा सहावा अध्याय काढायला हवा, जो आम्ही नेहमी तिच्या विरुद्ध काढतो. व्यर्थ बडबड करू नका, फार बोललं म्हणजे देव ऐकतो असं समजू नका, असं प्रभू सांगतो, आणि लगेच पुढे काय करतो? शब्द देतो. ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.’ त्याच शुभवर्तमानात, अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तो तिसऱ्यांदा जाऊन प्रार्थना करतो, आणि मत्तय मुद्दाम नोंदवतो की तेच शब्द पुन्हा बोलून. प्रेषितांचंही तसंच. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या दुसऱ्या अध्यायात पेन्टेकॉस्टचा, आत्मा उतरला त्या दिवसाचा, एवढा वारा, एवढ्या भाषा, आणि तिसरा अध्याय उघडतो तो पेत्र आणि योहान तिसऱ्या प्रहरी, प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळी, मंदिराकडे निघालेत इथे. आत्मा उतरला म्हणून त्यांनी वेळ मोडली नाही.

तिसरा रविवार, पहाटे

आज 86 ते 90. यात 88 आहे हे माहीत होतं, म्हणून रात्रीच जरा धास्ती होती.

भाऊ आजारी होता तेव्हा आमच्या घरी उपास झाले, साखळी प्रार्थना झाली, रात्री दोन-दोन तासांच्या पाळ्या लागल्या. कुणी तर तो बरा झाल्याची साक्षही आधीच देऊन टाकली. तो गेला. मग त्याच तोंडांनी ‘देवाची इच्छा’ म्हटलं. मला राग त्यांचा नव्हता. त्यांनी पाळ्या खरोखर केल्या होत्या. पण त्यानंतर डोळे मिटले की ‘कृपाळू, दयाळू’ एवढं यायचं आणि पुढे जीभ रेटेना. महिला मंडळात माझी पाळी आली की मी वचन वाचायचं मागून घ्यायची आणि प्रार्थना शेजारणीवर ढकलायची.

विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे वळतात. तेरावं बघा, ‘कोठवर?’ असं विचारत सुरू होतं आणि सहाव्या वचनापर्यंत गाऊ लागतं. 88 वळत नाही. एज्राही हेमानाच्या नावावर ते आहे. परमेश्वराला उद्धाराचा देव म्हणून हाक मारतो आणि मग तक्रारीवर तक्रार: तू मला खड्ड्यात घातलंस, माझी माणसं तू तोडलीस, मेलेले उठून तुझी स्तुती करणार आहेत का? आणि संपतं ते अंधारावर. पुढे ‘तरीही’ नाही. आमेन नाही.

मला नवल वाटतं ते हे स्तोत्र ज्यांनी ठेवलं त्यांचं. शेवटी एक गोड ओळ जोडून द्यायला काय लागत होतं? शेकडो वर्षं ते देवासमोर तसंच, न वळता म्हटलं गेलं.

हे मी माझ्या शब्दांत कधीच म्हटलं नसतं. आमच्या घरात देवाला उलटून बोलायची पद्धत नाही. हेमानाच्या शब्दांत मात्र म्हणता आलं, आणि म्हणून झाल्यावर लक्षात आलं की हा माणूस सगळी तक्रार देवाच्या तोंडावर करतोय, पाठीमागे नाही. नव्या सुनेने पहिले काही महिने सासरच्याच भांड्यांत स्वयंपाक करावा, तशी मी या स्तोत्रांत करते आहे. भांडी माझी नाहीत, शिजतं ते माझं. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतोच की प्रार्थना कशासाठी करावी हे आपल्याला ठाऊक नसतं आणि आत्माच आपल्या अशक्तपणात हातभार लावतो. मी हे वचन नेहमी निःशब्द होण्याबद्दल समजत होते. हातभार उसन्या शब्दांचाही असू शकतो.

‘तिची प्रार्थनेत फार वाढ झाली’ असं मंडळीत म्हणतात ते बहुधा कुणी न अडखळता वीस मिनिटं प्रार्थना करू लागली की. माझ्या हिशेबी वाढ म्हणजे जी वाक्यं आधी तोंडातून निघत नव्हती ती निघणं. तक्रारीची, आणि कौतुकाचीही. आठवं स्तोत्र वाचलं त्या सकाळी गॅस संपला होता आणि दूध तसंच पातेल्यात होतं. चंद्रतारे पाहून मानव तो काय, असं विचारण्याच्या मनःस्थितीत मी अजिबात नव्हते. तरी विचारलं. सिलिंडरवाल्याला फोन त्यानंतर केला.

शनिवार

पुण्याहून येताना गाडी केडगाव स्टेशनावरून आली. आमचं नगरचं नव्हे, दौंडच्या अलीकडचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. 1905 मध्ये तिथे संजीवन झालं, म्हणजे आत्मिक जागृतीची लाट आली, तेव्हा मुली एकाच वेळी, मोठ्या आवाजात, रडत प्रार्थना करत. ते सगळे सांगतात, त्यावर संदेश होतात. पण रमाबाई त्याच काळात इब्री आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. वर्षानुवर्षं. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, 1922 मध्ये त्या स्वतः गेल्या, आणि संपूर्ण बायबल छापून आलं ते त्यानंतर. संजीवनाची साक्ष देणारे पुष्कळ भेटले. मुलगी गेल्यावर पुन्हा टेबलाशी बसून मुद्रितं तपासण्यात किती प्रार्थना असेल, यावर कुणी संदेश दिलेला मी ऐकला नाही.

बुधवार

137. ‘बाबेलच्या नद्यांपाशी’ एवढंच आपण गातो. शेवटचं वचन, शत्रूची तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारं, मोठ्याने वाचवत नाही. वाचलं. काय करायचं त्याचं, माहीत नाही.

झावळ्यांच्या रविवारनंतरचा सोमवार

दीडशे संपली, पुन्हा पहिल्यापासून धरली आहेत.

उत्तम शुक्रवारी येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर, आम्ही म्हणतो त्या सात शब्दांवर, सात जण बोलतात. यंदा मला चौथा दिला आहे: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ दहा मिनिटं. टिपणं काढायला बसले तर पहिलीच गोष्ट ही, की हे वाक्य त्याचं नाही. बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. क्रुसापाशी उभ्या असलेल्यांना ‘एली, एली’ ऐकून वाटलं, एलीया संदेष्ट्याला बोलावतोय. सातवा शब्दही स्तोत्रातलाच, एकतिसाव्यातला: मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो. लूकात त्याच्या आधी फक्त ‘हे बापा’ ही हाक आहे, जी स्तोत्रात नाही. तेवढी त्याची स्वतःची. बाकी सगळं लहानपणी नासरेथच्या सभास्थानात कानावर पडलेलं असणार.

बावीस पूर्ण वाचायला मला पाच मिनिटं लागतात. पाळकसाहेबांना फोन करून म्हटलं, आधी अख्खं स्तोत्र वाचते, मग उरलेल्या वेळात बोलते.

‘बाई, वाचून दाखवण्यापेक्षा मनचं बोला की चार शब्द,’ म्हणाले. ‘लोक ऊन खात बाहेर मांडवात बसलेले असतात.’

म्हटलं, मांडवाला पंखे वाढवून घ्या, मी वाचणार आहे.