कॉम्प्युटरवर जेल वाकवायला घेतलं तेव्हा

एमटेकच्या प्रोजेक्टला सरांनी विषय दिला, विजेवर वाकणाऱ्या हायड्रोजेलचं (पाणी शोषून फुगणाऱ्या पॉलिमर जाळीचं) मॉडेल. मिठाच्या पाण्यात दोन इलेक्ट्रोडच्या मधे जेलची पट्टी, आणि समीकरणं मोजून तीन, आयन (चार्ज असलेले कण) कसे सरकतात त्याचं नेर्न्स्ट-प्लांक, विजेच्या पोटेन्शियलसाठी पॉइसन आणि जेल फुगतं-ताणतं त्याचं मेकॅनिक्स. तिन्ही जोडून कॉमसॉल या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये रन दाबला आणि सॉल्व्हरने, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या भागाने, तिथेच मान टाकली.

कारण असं की बाहेर १ मिलिमोलर मिठाचं पाणी असेल तर डिबाय लेंग्थ, म्हणजे जेलच्या कडेला चार्जचा तोल बिघडलेल्या थराची जाडी, जेमतेम १० नॅनोमीटर, जेलची पट्टी १ मिलिमीटर जाड, म्हणजे लाखपटीचा फरक, आणि सगळा खेळ त्या पातळ थरातच चालतो. सगळीकडे बारीक मेश (गणितासाठी पाडलेले छोटे तुकडे) टाकला की पीसी बसतो. मग फक्त दोन्ही कडांना मेश दाट केला, मधे विरळ, आणि जेलमधला फिक्स चार्ज (पॉलिमरलाच चिकटलेला, न हलणारा) कडेला एकदम शून्य न करता थोड्या अंतरात उतरवला, तेव्हा कुठे गाडी हलली.

त्याहून कामाची गोष्ट म्हणजे आधी व्होल्टेज शून्य ठेवून नुसतं डोनन इक्विलिब्रियम, म्हणजे जेलच्या आत-बाहेर आयनांचा स्थिर तोल, काढायचं, कारण ते कागदावर तपासता येतं. बाहेर १ मिलिमोलर मीठ, जेलमध्ये १० मिलिमोलर निगेटिव्ह चार्ज, तर आतलं पोटेन्शियल साधारण ५९ मिलिव्होल्टने खाली आणि सोडियम १०.१ मिलिमोलरच्या आसपास यायला हवं. ते जुळलं की तेच उत्तर सुरुवातीला देऊन व्होल्टेज हळूहळू चढवायचं. जुळत नसेल तर पुढे जाऊच नका, नंतर रंगीत प्लॉट सुंदर दिसतात आणि सगळे खोटे असतात!

वाकायची दिशाही बघा. निगेटिव्ह जेलमधून करंट जवळपास सगळा सोडियमच नेतो, बाहेर मात्र क्लोराइडचाही मोठा वाटा, त्यामुळे अॅनोडकडच्या (पॉझिटिव्ह इलेक्ट्रोडच्या) बाजूला बाहेरचं मीठ कमी होतं, आत-बाहेरचा ऑस्मॉटिक (पाणी आत ओढणाऱ्या दाबाचा) फरक वाढतो, ती बाजू फुगते आणि पट्टी कॅथोडकडे, म्हणजे निगेटिव्ह इलेक्ट्रोडकडे वाकते. शिगा आणि कुराउची या संशोधकांनी १९९० मध्ये हेच वाकणं दाखवलं होतं, माझंही तिकडेच गेलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. वेळ मात्र लागतो, १ मिलिमीटर पार करायला आयनांना दहा-बारा मिनिटं सहज, म्हणून चटकन हलणारं काही हवं असेल तर पट्टी पातळच घ्यावी लागते.

एक अडचण उरलीय, सव्वा व्होल्टच्या वर पाण्याचं विघटन सुरू होऊ शकतं, इलेक्ट्रोडजवळ पीएच बदलतो आणि जेलचा चार्जही. सध्या हायड्रोजन आयन मॉडेलमध्ये घालतोय, सॉल्व्हर परत रुसलाय.