एडिसन मागच्या बाकावर

चौथीला शोधक शिकवायचे म्हटलं की सगळे एडिसनपासून सुरू करतात. मी वेल्क्रोपासून करते, कारण तो वर्गातल्या कुणाच्या तरी बुटावर असतोच. भिंग दिलं की मुलांना आपोआप दिसतं: एका पट्टीवर बारीक आकडे, दुसरीवर धाग्यांची वेटोळी. मग सांगायचं, १९४१ साली स्वित्झर्लंडचे अभियंते जॉर्ज द मेस्त्राल कुत्र्याला फिरवून आले, त्याच्या केसांत काटेरी फळं अडकली होती, ती त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ‘‘म्हणजे कॉपीच की!’’ असं कुणीतरी म्हणतंच. म्हणू द्यावं.

माझा खरा जीव लुई ब्रेलवर. वडिलांच्या दुकानातल्या चामडं टोचायच्या हत्याराने तिसऱ्या वर्षी डोळ्याला इजा झाली, पुढे दोन्ही डोळे गेले; आणि पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, सहा ठिपक्यांची लिपी जवळजवळ तयार! त्याआधीची बार्बिए यांची पद्धत बारा ठिपक्यांची होती, एक खूण बोटाखाली मावायचीच नाही. मुलांना जाड कागद आणि बोथट पेन्सिल देते, कागदाखाली जुनी वही. नाव टोचतात, कागद उलटतात आणि अक्षरं उलटी! हाताने टोचताना उजवीकडून डावीकडे लिहायचं असतं, हे मी आधी अजिबात सांगत नाही.

एडिसनला शेवटची दहा मिनिटं मिळतात, तीही इंग्लंडच्या जोसेफ स्वानसोबत वाटून. दिवा नेमका कुणाचा, यावर वर्गात जुंपते आणि घंटा झाली तरी कुणी हलत नाही.