मेजरच्या रकान्यात काय टाकू?

रात्रीचे साडेअकरा. नवरा आणि पोरगी कधीच झोपलेत, सिंकमध्ये भांडी तशीच आहेत, आणि मी पाऊण तास त्या एकाच ड्रॉपडाऊनपुढे बसलेय. मेजर निवडा म्हणे, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय.

साताऱ्याला बीएस्सीच्या सेकंड इयरला होते तेव्हा लग्न झालं, मग कॅलिफोर्निया, मग व्हिसाची भानगड, मग पोरगी, आणि ३३व्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात एकोणीस वर्षांच्या पोरांशेजारी दप्तर घेऊन बसले. आता उन्हाळ्यापर्यंत ६० सेमिस्टर युनिट होतील आणि युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला ट्रान्सफर मिळेल. पुढचं पक्कंय, स्पीच थेरपी. इथे त्याला मास्टर्स लागतंच, आपल्याकडे बीएएसएलपी ही पदवी करून काम सुरू करता येतं तसं नाही. घोळ आहे तो मधल्या दोन वर्षांचा.

काउन्सेलर म्हणाली होती, मास्टर्सला कुठलंही मेजर चालतं, आवडेल ते घे. मी खूश! लिंग्विस्टिक्स, म्हणजे भाषाशास्त्र, घ्यायचं ठरवूनही टाकलं. मग एका रात्री मास्टर्सच्या वेबसाइट नीट वाचल्या तेव्हा कळलं, चालतं हो, पण कम्युनिकेशन डिसऑर्डर्समधली (बोलण्या-भाषेच्या अडचणींमधली) डिग्री नसेल तर आधी लेव्हलिंग कोर्सेस करा, म्हणजे राहिलेले पायाभूत विषय. बोलण्याच्या अवयवांची अ‍ॅनाटॉमी, ऑडिओलॉजी, मुलांची भाषा कशी वाढते ते, असं सगळं. म्हणजे जवळपास आणखी एक वर्ष आणि त्याची फी वेगळी. काउन्सेलर खोटं बोलली नाही, फक्त वाक्य अर्ध्यावर सोडलं.

नवऱ्याचं म्हणणं, बर्कलीला लिंग्विस्टिक्स मिळालं तर नाव केवढं मोठं. नाव मोठं आहेच, पण ते जास्तीचं वर्ष बर्कली नाही काढणार, मी काढणार, पोरीचे डबे भरता भरता.

तरी लिंग्विस्टिक्स सुटत नाही मनातून. मी ज्या प्रीस्कूलमध्ये पार्ट टाइम जाते तिथे एक आपला मराठी मुलगा आहे, चार वर्षांचा. तो 'वेस्ट' म्हणतो तेव्हा दिशा म्हणतोय की बिनबाह्यांचं जाकीट ते कळत नाही, आणि 'थ्री' म्हणताना आपला 'भाकरी थापा'मधला 'थ' लावतो. एका बाईंनी लगेच त्याच्या नावापुढे 'उच्चार तपासा' लिहिलं. अहो, मराठीत व एकच आहे! घरी जे ऐकतो तेच बोलतोय तो. आता हाच मुलगा घरी 'काका'ला 'ताता' म्हणत असता तर गोष्ट वेगळी, कारण तिथे क त्याच्या भाषेतच आहे आणि तरी येत नाहीये, आणि त्यातही अमुक वयापर्यंत ते चालतंच. हा फरक मला दिसला तो दोन भाषा तोंडात असल्यामुळे, आणि तो नीट शिकायचाय म्हणून लिंग्विस्टिक्स.

आणि दादा आहेच. लहानपणी अडखळायचा. शाळेत हजेरीला 'हजर'चा ह निघायचाच नाही, मास्तर पुढच्या नंबरावर जायचे आणि समोर बसलेला पोरगा गैरहजर लागायचा. आजी रोज सकाळी वेखंड मधात उगाळून त्याच्या जिभेला लावायची, तो तोंड वेडंवाकडं करायचा आणि आम्ही हसायचो. कुणालाही वाटलं नाही की यासाठी कुणाकडे जायचं असतं. मुंबईत बांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे हे मला इथे येऊन कळलं, बोला.

असो. परवा वही घेऊन दोन्ही मेजरचे कोर्स शेजारी शेजारी लिहून काढले. फोनेटिक्स, म्हणजे उच्चारांचा अभ्यास, दोन्हीकडे आहे. बायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजीसारखा एखादा विषय आणि फिजिक्स किंवा केमिस्ट्री हे मेजर कुठलंही असलं तरी पुढे स्पीच थेरपीच्या सर्टिफिकेटसाठी लागतातच (साताऱ्याचं केमिस्ट्री धरलं तर देव पावला, ट्रान्स्क्रिप्ट मागवलीय). शिवाय ४०० तासांचं क्लिनिकल काम, त्यातले २५ नुसते बसून बघायचे, आणि ते बघायचे तास डिसऑर्डर्सच्या मेजरमध्ये डिग्री करतानाच उरकता येतात. उरले लिंग्विस्टिक्सचे चार-पाच कोर्स जे खरंच फक्त तिकडेच आहेत. ते मायनर, म्हणजे जोडविषय, म्हणून बसतात! वहीत एवढा वेळ घालवायच्या आधी महिनाभर मी उगाच नावांच्या भांडणात अडकले होते.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे अगं तू डॉक्टर होणार?" नाही म्हटलं, बोलायला शिकवणार. थोडा वेळ गप्प, मग म्हणे, "दादाला नको सांगू हां लगेच, त्याला वाटेल त्याच्यावरूनच घेतलं." आता खोटं कसं सांगू, त्याच्यावरूनच तर घेतलंय.

ड्रॉपडाऊनमध्ये कम्युनिकेटिव्ह डिसऑर्डर्स सिलेक्ट केलं. सेव्ह दाबलं तर सेशन एक्स्पायर. परत पासवर्ड, परत पहिल्या पानापासून. उद्या बघू, आधी भांडी.