पहिल्या नंबरचे बारा

२० मे, पावस

आज अढीतले, म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेले, बारा आंबे घरासाठी बाजूला काढले. पहिल्या नंबरचे. खांदे भरलेले, पिवळेधमक, चिकाचा एक ठिपका नाही.

आमची साठेक कलमं. १९९१ साली लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच हंगामात सासूबाईंनी सांगितलं होतं, "चोख तो गिऱ्हाइकाचा, डागी तो आपला." त्यात कंजुषी नव्हती. कलमांचा पैसा वर्षातून एकदाच हातात येणार, आणि त्यातूनच फवारणी, खत, मजुरी, किराणा, पुढे मुलीची फी. मोहोरावर अवेळी पाऊस पडला की सगळा हिशेबच कोलमडायचा. म्हणून आम्ही पडीचे खाल्ले, फांदीला घासलेले खाल्ले, माशीने टोचलेले तेवढा भाग उडवून खाल्ले. उरल्यासुरल्याचा रस आटवला, साठं घातली. चवीला ते कुठेच कमी नव्हते, आजही नाहीत. पण धड आंबा कापलाच तरी फोडी ह्यांना आणि मुलीला, बाठा मला, हे ठरलेलं. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. माझा हातच तसा वळायचा.

आता मुलगी पुण्यात नोकरीला आहे. सोसायटीचं कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटलं. हात मात्र अजून तसाच वळतो. मागच्या महिन्यात रत्नागिरीहून येताना स्टँडवर सव्वा तास एस.टी.ची वाट बघत उभी होते. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे रिक्षा तर मनातसुद्धा येत नाही. गुडघा ठणकत होता, जवळ पैसे होते, तरी उभीच. घरी आल्यावर दोन दिवस पाय शेकत बसले, तेव्हा कुठे मनात आलं की हे वाचवलं ते कोणासाठी?

आजचं असं झालं. सकाळी टेम्पो आला आणि डागी माल सगळा कॅनिंगला गेला. दुपारी पानं घेताना मी सासूबाईंना सहज म्हटलं, "आई, आज आंबा नाही हो." आणि बोलता बोलताच पडवीकडे लक्ष गेलं. तिथे पेंढ्यात तीसएक डझन आंबा पिकत पडला होता. वास थेट स्वयंपाकघरात येत होता. चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण तयार झालेलं फळ, झेल्याने, जाळीच्या काठीने, एकेक देठासकट उतरवलेलं, आठ-दहा दिवस अढीत खालीवर करून जपलेलं. आणि मी म्हणत होते, आंबा नाही. ताट तसंच ठेवून पडवीत गेले. पेंढा बाजूला केला. आतून ऊब येते तेव्हा फळ जागं असल्यासारखं वाटतं. नेहमी त्या उबेत हात घातला की बोटं डाग शोधतात. आज डाग नसलेलं शोधलं, आणि त्याला वेळच लागला नाही.

तीन कापले. सासूबाईंनी फोड उचलली, उलटीपालटी करून बघितली. वय चौऱ्याऐंशी, पण नजर पारखीची.

"साका निघाला काय गो?"

"नाही आई, चांगला आहे."

"मग कापलास कशाला?"

साका वरून कळत नाही, कापल्यावरच आत पांढरट, स्पंजासारखा भाग दिसतो. म्हणजे त्यांनी आधी माझ्या बाजूने कारण शोधलं. चांगला आंबा घरात कापला जायचा तर त्यात काहीतरी खोट असायलाच हवी. "आपल्याला खायला कापला," एवढंच मी म्हणू शकले. त्या काही बोलल्या नाहीत. पहिली फोड सावकाश खाल्ली, सालीला काही राहू दिलं नाही. दुसरी मी वाढली. तिसरी त्यांनी आपणहून घेतली.

मला भरून आलं. एवढी वर्षं ह्या बाईने झाडं जगवली. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, आता मुंबईची गिऱ्हाइकं पेटीवरचं गावाचं नाव वाचून घेतात. आणि जिने ही कलमं लावली तिच्या ताटात डागी. त्यांना मी दोष देत नाही, त्यांनी काटकसर केली म्हणून आम्ही उभे राहिलो. पण ही वेळ मी आधीच आणायला हवी होती. कर्ज फिटलं त्याच वर्षी.

ह्यांनी जेवताना दोनदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "उद्या पण काप."

रात्री वही घेऊन बसले. डझन किती, पेट्या किती, कॅनिंगला किती. घरात खाल्लेला आंबा आमच्याकडे नेहमी 'तूट' ह्या रकान्यात पडतो, सासूबाईंच्या हाताच्या जुन्या वह्यांतही तसाच. बारा आंबे म्हणजे एक डझन, आजच्या भावाने सातशे रुपये. तूट लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. मग पट्टी घेऊन कडेला नवीन रकाना आखला. वर लिहिलं, 'घरी'. खाली आजची तारीख, पहिला नंबर, १ डझन.