दगडावरची ठिणगी आणि तिचे वाचन

परग्रहावरील खडकांवर लेसर डागणाऱ्या रोव्हरांविषयी बोलताना सहसा त्या लेसरच्या सामर्थ्याचेच कौतुक होते, आणि ते अनाठायी नाही. मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी रोव्हरवरील ‘केमकॅम’ या उपकरणाचा एक स्पंद, म्हणजे लेसरचा एक क्षणिक झोत, सेकंदाच्या सुमारे पाच अब्जांश भागापुरताच टिकतो, परंतु तेवढ्या काळात त्याची शक्ती दहा लाख वॅटहून अधिक असते. मला मात्र ठिणगी पाडण्यापेक्षा ती वाचणे हे अधिक अवघड आणि म्हणूनच अधिक रंजक काम वाटते.

ठिणगीचे तत्त्व सरळ आहे. सुमारे सात मीटरपर्यंतच्या अंतरावरील खडकाच्या अगदी बारीक ठिपक्यावर लेसर केंद्रित केला, की तेथील पदार्थाची वाफ होऊन तिचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, बनतो आणि तो थंड होत असताना त्यातील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक तरंगलांबींचा प्रकाश सोडते. उदाहरणार्थ, सोडियम ५८९ नॅनोमीटरच्या आसपास, तर हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरला. हा प्रकाश दुर्बिणीने गोळा करून वर्णपटमापकाकडे पाठवला जातो; तेथे तो तरंगलांबीनुसार वेगळा होतो आणि प्रत्येक ठरावीक तरंगलांबी एक तेजस्वी रेषा म्हणून दिसते. मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, आणि हे या पद्धतीच्या पथ्यावरच पडते, कारण दाट हवेत प्लाझ्मा दाबून राहतो, तर निर्वात जागेत तो फार लवकर विरून जातो.

१९ ऑगस्ट २०१२ रोजी केमकॅमकडून ‘कोरोनेशन’ असे नाव दिलेल्या दगडावर दहा सेकंदांत ३० स्पंद डागण्यात आले. एकाच जागी इतके स्पंद कशासाठी, असे वाटू शकेल. पण पहिले काही स्पंद खडकाचे नसून त्यावरील धुळीचे वर्णन करतात, त्यामुळे खडकातील मूलद्रव्यांचे प्रमाण काढताना ते वगळावे लागतात. अर्थात ते वाया जात नाहीत, कारण मंगळावरील धुळीत हायड्रोजन, म्हणजेच बांधलेल्या स्वरूपातील पाणी, असल्याचे याच सुरुवातीच्या स्पंदांतून दिसून आले.

खरी अडचण यानंतर सुरू होते. एखादी रेषा दुप्पट तेजस्वी दिसली म्हणून ते मूलद्रव्यही दुप्पट असेलच, असे म्हणता येत नाही. आजूबाजूला कोणती मूलद्रव्ये आहेत, खडक किती घट्ट आहे, अंतर किती आहे, या सर्वांचा रेषेच्या तेजावर परिणाम होतो. म्हणून पृथ्वीवरील प्रयोगशाळेत, मंगळाइतक्या दाबाच्या कक्षात, रचना ठाऊक असलेल्या चारशेहून अधिक नमुन्यांचे वर्णपट नोंदवून ठेवले आहेत, आणि रोव्हरवरही तुलनेसाठी असे काही ठाऊक रचनेचे नमुने बसवलेले आहेत. माझ्या मते या पद्धतीची सारी विश्वासार्हता या कंटाळवाण्या तुलनेवरच उभी आहे.

शिवाय या ठिणगीतून मूलद्रव्ये कळतात, पण खनिज कळतेच असे नाही. कॅल्साइट आणि अ‍ॅरागोनाइट या दोहोंची रासायनिक रचना एकच असते; फरक असतो तो अणूंच्या मांडणीत. त्यासाठी २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरलेल्या पर्सिव्हरन्सवरील ‘सुपरकॅम’मध्ये ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाचीही सोय आहे. त्यातून सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेला परिणाम, म्हणजे रेणूंवरून विखुरताना प्रकाशाच्या तरंगलांबीत होणारा बदल, मोजता येतो आणि रेणूंमधील बंधांची ओळख पटते. त्याच उपकरणातील मायक्रोफोन ठिणगीचा आवाज टिपतो, आणि लागोपाठच्या स्पंदांसरशी तो आवाज कसा बदलत जातो यावरून खडकाच्या कठीणपणाचा अंदाज बांधता येतो.

गंधकासारखी मूलद्रव्ये या पद्धतीला विशेष त्रास देतात, कारण त्यांच्या रेषा क्षीण असतात. त्यामुळेच ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील प्रदेशात लेसरच्या साहाय्याने गंधक असल्याचे दाखवले, तेव्हा त्याच रोव्हरवरील, क्ष-किरणांवर आधारलेल्या वेगळ्या उपकरणानेही तोच निष्कर्ष दिला, ही गोष्ट मला मूळ बातमीहून महत्त्वाची वाटली. मंगळावर शुद्ध गंधकाचे पिवळे स्फटिक प्रथम सापडले ते २०२४ मध्ये, आणि तेही लेसरमुळे नव्हे, तर क्युरिऑसिटीच्या चाकाखाली एक दगड फुटल्यामुळे.