देव्हारा कुठून आणलात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरी आलेलं प्रत्येक मराठी माणूस आरती झाली की हेच विचारतं: देव्हारा पुण्याहून मागवला का? नाही हो. इथेच, कॅलिफोर्नियात, गार्डन ग्रोव्हमधल्या एका व्हिएतनामी ख्रिस्ती पाळकांच्या गॅरेजमध्ये केलाय. आणि त्यांनी नाही, मी केलाय.

सगळे त्यांना 'मुक सू' म्हणतात, म्हणजे पाळकच. रविवारी दुपारी दुसऱ्यांच्या चर्चमध्ये भाड्याने उपासना घेतात, बाकी सहा दिवस लाकूडकाम. उपदेशावर घर चालत नाही, असं स्वतःच हसून सांगतात.

मी गेले होते जेवणाच्या टेबलाचा पाय दुरुस्त करायला. तिथे भिंतीला टेकवलेली एक फळी दिसली. शिसवीसारखं काळपट लाकूड, त्यात शिंपल्याचा बांबू जडवलेला. आपण जरा सरकलं की हिरवा, पुन्हा सरकलं की जांभळा. त्यांच्या वडिलांचं काम. घराणं हनोईच्या दक्षिणेकडच्या चुयेन मी भागातलं, तिथे हा जडाव पिढ्यान्‌पिढ्या चालतो. १९५४ मध्ये देश दुभंगला तेव्हा वडील सायगावला आले आणि पूर्वजांच्या पूजेचे चौरंग करून पोरं वाढवली. मुलगा, म्हणजे आपले मुक सू, १९७९ मध्ये होडीतून निसटून मलेशियाच्या बिडाँग बेटावर लागला. बेट जेमतेम एक चौरस किलोमीटरचं, आणि त्या जूनमध्ये तिथे ४०,००० च्या आसपास निर्वासित. तिथल्या छावणीतच ते ख्रिस्ती झाले.

मी म्हटलं, मला असा देव्हारा करून द्या. "नाही," म्हणाले. पूजेचं काही घडवायचं नाही, हे त्यांनी बिडाँगलाच ठरवलेलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू? गाडीपाशी पोचले तेव्हा मागून हाक आली, "तू कर. मी शिकवतो."

सव्वा वर्ष, दर शनिवारी. शिंपल्याच्या चकतीवर नक्षीचा कागद चिकटवायचा, केसासारख्या पात्याच्या करवतीने कापायचं, कानशीने कड साफ करायची. मग तोच तुकडा लाकडावर ठेवून सुईने भोवती रेघ मारायची आणि पटाशीने नेमका तेवढाच खड्डा. नखाएवढ्या कमळपाकळ्या, पहिल्या महिन्यात अकरा मोडल्या. मुक सू काही बोलायचे नाहीत. पाकळी मोडली की शिंपल्यांचा डबा पुढे सरकवायचे, बस.

आता तुमचा पुढचा प्रश्न, जो तुम्ही संकोचाने विचारत नाही: चर्चला बोलावलं का? बोलावलं, ईस्टरला. गेले, वाडगाभर फो, म्हणजे त्यांचं शेवयांचं सूप, खाल्लं, परत आले. दारावरच्या पाटीवर 'अलायन्स' वाचून मात्र थबकले. मी अकोल्याची, अलायन्स चर्च लहानपणापासून पाहिलेलं. मिशन तेच निघालं. आमच्या वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकातच आलेलं, त्यांच्या व्हिएतनाममधल्या दा नांगला १९११ मध्ये. त्यांच्या पंथाला ते 'तिन लान्ह' म्हणतात, म्हणजे चांगली बातमी. आमच्याकडचे ख्रिस्ती शुभवर्तमान म्हणतात, तेच.

शेवटच्या शनिवारी मी कळस बसवला, तेव्हा ते पाठ करून हत्यारं पुसत राहिले. मग वळले, कमळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही पाकळी वर राहिलीय. घास."

अजून घासलेली नाही. रोज सकाळी फडकं तिथेच अडकतं.